निरवशेष: जोगलटेंभीच्या चांदीची साक्ष

नाशिकच्या पांडवलेण्यांत तीन क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत, मागच्या भिंतीवर, अकरा ओळींचा एक लेख आहे. सातवाहन राजा पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी त्याच्या आजीने, गौतमी बलश्रीने, तो कोरवून घेतला. लेणं भिक्षूंना दान दिल्याची ती नोंद आहे, पण निम्म्याहून जास्त जागा तिने आपल्या मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या, वर्णनाला दिली आहे. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, ज्याने शक, यवन, पल्हव यांचा संहार केला, जो आईची सेवा करत राहिला. या विशेषणांच्या रांगेत एक शब्द असा येतो: ‘खखरातवसनिरवसेसकरस’. खखरातांचा, म्हणजे क्षहरातांचा, वंश निरवशेष करणारा.

निरवशेष हा शब्द आजही आपल्याला जसाच्या तसा समजतो. मागे काही उरू न देणं. भागाकारात बाकी शून्य.

क्षहरात म्हणजे क्षत्रप, अर्थात शक सत्ताधीश, नहपानाचं घराणं. गौतमीपुत्राच्या आधी नाशिक, जुन्नर, कार्ले, सोपारा, भडोच एवढ्या पट्ट्यावर त्याची सत्ता होती. इतिहास कधी खरोखर नाहीसा होऊ शकतो का, या प्रश्नावर बोलायचं तर मला यापेक्षा चांगलं प्रकरण माहीत नाही. इथे एका घराण्याची बाकी शून्य केल्याचा दावा जिंकणाऱ्याच्या घराण्याने दगडावर केला आहे, आणि तो दावा तपासायची साधनंही त्याच परिसरात पडली आहेत.

जमिनीतून काय निघालं

सिन्नर तालुक्यात, दारणा जिथे गोदावरीला मिळते तिथे, जोगलटेंभी हे गाव आहे. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा एक साठा सापडला. नाणी थोडीथोडकी नव्हती, सुमारे १३,२५० होती. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती तपासून त्यांचा वृत्तांत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापला.

सगळी नाणी मुळात नहपानाची. अंगठ्याच्या नखाएवढी, वजनाने दोन ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला राजाचा उजवीकडे पाहणारा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, त्याभोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी. लिप्या तीन, मजकूर एकच: राजा क्षहरात नहपानाचं. ग्रीक अक्षरांतही भाषा ग्रीक नाही, आपल्याकडचीच प्राकृत आहे. एवढ्याशा चकतीवर तीन लिप्या बसवणाऱ्या राजाला आपलं नाव किती जणांनी वाचावं असं वाटत होतं, ते यातून दिसतं.

या साठ्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसरा ठसा मारलेला होता. चेहऱ्यावर तीन कमानींचा डोंगर, वर चंद्रकोर, खाली नागमोडी रेघ आणि ‘रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’ ही अक्षरं. उलट्या बाजूला फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळं, जिला नाणेतज्ज्ञ उज्जयिनी चिन्ह म्हणतात. पराभूत राजाच्या तोंडावर जिंकलेल्या राजाची मोहोर.

पण नाणं वितळवून नवं पाडणं वेगळं आणि आहे त्या नाण्यावर ठसा मारणं वेगळं. वितळवलं असतं तर नहपान त्या चांदीतून कायमचा गेला असता. ठसा मारताना जुनं नाणं नव्या ठशांमध्ये धरून घाव घालतात. धातू दबतो, पसरतो, पण जुनी आकृती पूर्ण मोडत नाही. त्यामुळे या नाण्यांवर डोंगराच्या कमानीखालून नहपानाचं नाक दिसतं, कडेला दोनचार ग्रीक अक्षरं उरतात, चंद्रकोरीशेजारी कुठे केसांची वळणं दिसतात. नाण्याचा फोटो मोठा करून पाहिला की हळूहळू दोघेही नजरेत येतात. मला तर नेहमी खालचा चेहराच आधी दिसतो.

हे द्वेषातून केलं की व्यवहारातून? माझं मत व्यवहाराकडे झुकतं. लढाई संपली, मुलूख हाती आला, बाजारात फिरणारं चलन हरलेल्या राजाचं. लोकांचा विश्वास त्या चांदीवर, त्या वजनावर. हजारो नाणी गोळा करायची, भट्टी लावायची, नव्याने ओतून तोलायची, एवढा वेळ आणि खर्च कुणाकडे होता? घाव घालणं स्वस्त. शिवाय खालचा चेहरा अर्धवट दिसत राहिला, तर कुणी कुणाला हरवलं हे वेगळं सांगावं लागत नाही. कारण कोणतंही असो, परिणाम एकच झाला. ज्याला पुसायचं त्याच्याच चांदीची गरज होती, म्हणून पुसणं अर्धवट राहिलं.

साठा सापडण्याआधी अभ्यासकांची अडचण खरी होती. नहपानाच्या काळच्या लेखांत ४१ ते ४६ अशी वर्षं येतात, गौतमीपुत्राच्या लेखांत १८ आणि २४. दोन्हींची मोजणी वेगळी. मधे किती काळ गेला, आणखी कुणी राजे होऊन गेले का, याचा हिशोब जुळत नव्हता. जोगलटेंभीच्या नाण्यांत मात्र तिसरा राजाच नाही. एकाचा चेहरा, त्यावर थेट दुसऱ्याचा ठसा. पुराणांच्या राजावळीत गौतमीपुत्राला २१ वर्षं दिली आहेत, त्याचा स्वतःचा लेख २४व्या वर्षाचा आहे. लिहिलेली परंपरा चुकते तिथे दगड आणि चांदी बरोबर सांगतात, ते असे.

शेजारचं लेणं

तीन क्रमांकाच्या लेण्यातून बाहेर पडून त्याच पायवाटेने थोडं पुढे गेलं की दहा क्रमांकाचं लेणं लागतं. ते नहपानाच्या जावयाचं. दिनीकाचा मुलगा उषवदात, त्याची बायको दक्षमित्रा ही नहपानाची मुलगी. इथले लेख उषवदाताच्या दानांनी भरलेले आहेत. तीन लाख गाई. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा इथे विश्रामगृहं. पारदा, दमणा, तापी, डहाणुका अशा नद्यांवर फुकट नावा. चिखलपद्र गावात नारळाची आठ हजार रोपं.

यात मला सगळ्यात जवळची वाटते ती ठेवीची नोंद. तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायमचे ठेवले. एकीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक दराने. दुसरीकडे एक हजार, शेकडा ‘पायून’ दराने. पायून म्हणजे पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, नुसतं व्याज भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि किरकोळ खर्चासाठी वापरायचं. वस्त्रांसाठी वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण. हा व्यवहार नगरसभेत जाहीर करून फलकांवर नोंदवला, असंही लेख सांगतो.

ते फलक गेले. नगरसभा गेली, विणकरांच्या हिशोबाच्या नोंदी गेल्या. तेव्हाच्या माणसांच्या दृष्टीने खरा दस्तऐवज तो होता, भिंतीवरचा मजकूर ही फक्त नक्कल. आपल्याकडे नक्कल राहिली आणि मूळ गेलं.

आता विचार करा. क्षहरातांचा निरवशेष नाश केल्याचं कोरणाऱ्या घराण्याच्या हाताशी छिन्नी होती, कारागीर होते, आणि हे लेणं हाकेच्या अंतरावर होतं. दहा क्रमांकाचे लेख खरवडून काढायला एक दिवस पुरला असता. ते कुणी खरवडले नाहीत. तिथे राहणाऱ्या भिक्षूंच्या अंगावरची वस्त्रं त्या ठेवीच्या व्याजातून येत होती. लेख पुसणं म्हणजे ठेव बुडवणं. उलट सातवाहनांच्या लेण्याची दर्शनी बाजू याच लेण्याच्या वळणावर घडवलेली दिसते.

आणि त्याहून मोठी साक्ष तीन क्रमांकाच्या लेण्यातच आहे. राज्याच्या १८व्या वर्षी गौतमीपुत्र गोवर्धनच्या बेनाकटक इथल्या विजयी छावणीतून अमात्य विष्णुपालिताला आज्ञा पाठवतो: अपरकखडी गावातलं दोनशे निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत त्रिरश्मी, म्हणजे याच लेण्यांच्या, डोंगरावरच्या भिक्षूंना द्या. शेत कोणतं, तर ‘उसभदातेन भूतं’, आजवर उषवदाताकडे असलेलं. ज्या वर्षी घराणं संपवलं बहुधा त्याच वर्षी, त्या घराण्याच्या जावयाचं नाव जिंकलेल्या राजाने स्वतःच्या हुकमात लिहिलं, कारण त्याशिवाय शेताची ओळख पटत नव्हती. सातबारा ज्याने कधी नीट पाहिला आहे त्याला हे समजावून सांगायला नको. जमीन विकली गेली, माणूस वारला, तरी फेरफारात त्याचं नाव राहतं, कारण पुढच्याचा हक्क त्याच्या नावावरूनच चालत येतो.

कार्ल्यालाही हेच घडलं. उषवदाताने वलूरकच्या, म्हणजे कार्ल्याच्या, भिक्षूंना करजिक गाव दिलं होतं. सातवाहनांनी तेच गाव त्याच भिक्षूंना पुन्हा दिलं. दान नवं, नाव नवं, गाव तेच. दोन्ही लेख त्याच चैत्यगृहात आहेत.

दूरच्या खुणा

नहपानाचं नाव टिकवण्यात त्याला कधी न पाहिलेल्या लोकांचाही हात आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं एक मार्गदर्शक पुस्तक आहे, ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’. इजिप्तमधून हिंदी महासागरात व्यापाराला येणाऱ्यांसाठी ते लिहिलं आहे. कुठल्या बंदरात काय खपतं, वारे कधी अनुकूल असतात, खडक कुठे आहेत. त्यात भडोचचा मुलूख ‘मंबनोस’ राजाचा आहे असं येतं, आणि बहुतेक विद्वान हा नहपानच मानतात. कल्याण बंदराबद्दलही तिथे एक ओळ आहे: पूर्वी हे रीतसर व्यापारी बंदर होतं, आता चुकून इथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या भांडणाचा हा फटका एका परक्या व्यापाऱ्याने टिपला, तोही त्याच्या मालाला त्रास झाला म्हणून. हे पुस्तक आज दहाव्या शतकातल्या एका हस्तलिखितामुळे आपल्या हाती आहे. ते जर्मनीत हायडेलबर्गला आहे, लंडनमधली दुसरी प्रत त्यावरूनच उतरवलेली. एक ग्रंथ जळाला असता तर कल्याणच्या इतिहासातलं हे वाक्य आपण कधीच वाचलं नसतं.

जैन परंपरेतही तो आहे. आवश्यकसूत्रावरच्या टीकावाङ्मयात भरुकच्छच्या, म्हणजे भडोचच्या, नहवाहनाची गोष्ट येते. त्याच्याकडे अमाप खजिना. प्रतिष्ठानचा (पैठणचा) सालवाहन, म्हणजे सातवाहन राजा, वेढा घालूनही त्याला जिंकू शकत नाही, कारण नहवाहन शत्रूचं मुंडकं आणणाऱ्याला बक्षिसं देतो. मग सालवाहन आपल्या मंत्र्याला हाकलून दिल्याचं सोंग करून तिकडे पाठवतो. मंत्री नहवाहनाचा विश्वास मिळवतो आणि पुण्यकर्मात पैसा घालवायला लावून खजिना रिकामा करवतो. पुढचा वेढा यशस्वी होतो. गोष्ट म्हणून ती घडीव आहे. पण एकीकडे खजिना संपवणारा धर्मादाय, दुसरीकडे उषवदाताच्या तीन लाख गाई आणि आठ हजार नारळ. ऐकणाऱ्यांच्या पिढ्यांनी त्या खर्चाची आठवण कशी जपली असेल, याचं मला फार नवल वाटतं.

पंचांगावरचा ठसा

या प्रकरणातलं सर्वात मोठं नाणं आपल्या घरातल्या भिंतीवर टांगलेलं असतं. गुढीपाडव्याला आपण शालिवाहन शके म्हणतो. इसवी सन ७८ पासून मोजला जाणारा हा काल. त्याची सुरुवात कुणी केली यावर वाद आहे, कनिष्काचं नाव बहुतेक वेळा घेतलं जातं. पण पश्चिम भारतातल्या क्षत्रपांनी तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला आणि त्याला शकांचं नाव पडलं. चालुक्यांच्या लेखांत ‘शकनृपकाल’ असे शब्द येतात. शालिवाहनाचं नाव त्याला जोडलं गेलं ते फार नंतर, मध्ययुगात. तोवर पैठणच्या कुंभाराच्या घरात वाढलेल्या, मातीच्या सैनिकांत प्राण फुंकून शत्रूला हरवणाऱ्या शालिवाहनाची कथा घराघरांत पोचली होती.

शालिवाहन हे सातवाहनाचंच रूप. म्हणजे शकांच्या कालगणनेवर त्यांच्या शत्रूचं नाव ठोकलं गेलं, आणि खालचं नाव तसंच राहिलं. ‘शालिवाहन शके’ या दोन शब्दांत जोगलटेंभीचं नाणं अख्खं आहे. आपण ते लग्नपत्रिकेवर छापतो.

जे खरोखर गेलं

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग काहीच हरवत नाही, आज ना उद्या सगळं सापडतं. हा दिलासा मला मान्य नाही.

आधी लिपीचंच पाहा. हे लेख कधीही मातीखाली गेले नव्हते. शतकानुशतकं गुराखी, बैरागी, वाटसरू त्यांच्यासमोर पावसापुरते टेकले असतील. अक्षरं डोळ्यांसमोर, पण वाचणारा एक नाही. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने अशोकाच्या ब्राह्मीचा उलगडा केला, त्यानंतर भाऊ दाजी, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर, सेनार अशा अभ्यासकांच्या कष्टांतून नाशिकचे लेख ओळीओळीने वाचले गेले. तोवर गौतमी बलश्री नव्हती, उषवदात नव्हता. डोंगराला पांडवलेणी हे नाव पडलं, कारण एवढं भव्य काम करायला कुणीतरी हवं आणि पांडवच ठाऊक होते. हाही एक ठसाच, खालचं न दिसणारा. दहा क्रमांकाच्या लेण्यात मागच्या भिंतीवरच्या स्तूपाच्या आकृतीतून पुढे भैरव कोरला गेला, तेव्हा कोरणाऱ्याला आपण काय मोडतोय हे बहुधा माहीतही नसेल.

मग काळाचा प्रश्न. नहपानाची ४१ ते ४६ ही वर्षं शककालाची मानली तर तो इसवी सन १२४च्या आसपास संपतो. त्याच्या स्वतःच्या राज्याची मानली तर तो पहिल्या शतकात जातो, आणि पेरिप्लसशी ते जास्त जुळतं. एका माणसाच्या आयुष्याला अर्ध्या शतकाचं अंतर पडतं, ते केवळ वर्षं कुठून मोजायची हे कुणी कोरलं नाही म्हणून. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना ते माहीत होतं. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट लिहायची राहते आणि तीच सर्वांत आधी जाते.

नहपान कसा मेला, रणात की बंदिवासात, माहीत नाही. उषवदाताचं शेत गेलं, त्याचं काय झालं, माहीत नाही. दक्षमित्रेचं नाव तिने दान दिलेल्या खोलीवर आहे. लेखातला शब्द ‘ओवरक’, देवळाच्या ओवऱ्यांमधून आपण तो अजून बोलतो. बाप आणि नवरा हरल्यावर ती कुठे गेली, ते त्या ओवरकावर नाही.

साठा कुणी पुरला? ठसा मारलेली आणि न मारलेली नाणी एकत्र का? न मारलेली चार हजार नाणी ठशासाठी नेताना वाटेत राहिली, की दोन्ही चलनं बाजारात शेजारी शेजारी चालत होती आणि सावकाराने जशी आली तशी साठवली? तेरा हजार नाणी पुरणारा माणूस ती उकरायला परत आला नाही. का, याचं उत्तर त्या एकट्याकडे होतं. आणि आज तो साठा जसा निघाला तसा एका जागीही नाही. नाणी देशोदेशीच्या संग्रहालयांत आणि संग्राहकांच्या अल्बमांत पांगली आहेत. सुटं नाणं नहपान आणि गौतमीपुत्राबद्दल बोलतं. पुरणाऱ्याबद्दल फक्त साठा बोलू शकला असता.

राजाला राजाने पुसलं, तरी तो उरतो, कारण पुसणाऱ्याला त्याची चांदी हवी असते, जमीन हवी असते, हरवल्याची फुशारकी मारायला त्याचं नाव हवं असतं. बलश्रीने तो शब्द कोरला नसता तर खखरात हे कुळ होतं याचा एक पुरावा कमीच झाला असता. ज्यांच्याकडून कुणाला काही घ्यायचं नव्हतं, ज्यांची नोंद ठेवावी असंही वाटलं नाही आणि पुसावी असंही वाटलं नाही, त्यांची बाकी मात्र शून्य झाली.

तीन क्रमांकाच्या लेण्यात १८व्या वर्षाच्या हुकमाखालीच २४व्या वर्षाचा दुसरा हुकूम आहे. गौतमीपुत्राने आपल्या आईसह तो अमात्य सामकाला पाठवला आहे. भिक्षूंना कखडी गावी शेत दिलं होतं, त्याऐवजी आता नगराच्या सीमेवर आपल्या मालकीचं शंभर निवर्तनं शेत त्यांना द्या, असं तो सांगतो. कारण अर्ध्या ओळीत आहे. कस आणि वस हे दोन्ही धातू आपण आजही शेत कसताना आणि गाव वसवताना वापरतो, त्यामुळे दोन हजार वर्षांपूर्वीची ही अर्धी ओळ मराठी माणसाला जवळजवळ भाषांतराशिवाय कळते. ते शेत कसलं जात नाही, ते गाव वसत नाही:

‘तं च खेतं न कसते, सो च गामो न वसति.’

लढाईनंतर अवघ्या सहा वर्षांत अपरकखडीची माणसं कुठे गेली, हे कुणीच कोरलं नाही.